नोकरी शोधतेय हे ऑफिसात कुणाला सांगावं का?

चांदणवेल | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्रच असते, पण आता सल्ला हवाय म्हणून धागा काढतेय.

गेली काही वर्षं मी एकाच कंपनीत आहे. वातावरण चांगलं, साहेबही चांगले. आज मला जे येतं त्यातलं निम्मं त्यांनी शेजारी बसवून शिकवलंय. माणसांबद्दल तक्रार नाहीच. पण काम तेच ते झालंय, आणि मला ज्या प्रकारचं काम करायचंय ते इथे इतक्यात येईल असं दिसत नाही. म्हणून बाहेर बघायला लागले. एका ठिकाणी मुलाखतीच्या दोन फेऱ्या पार पडल्या आहेत, तिसरी पुढच्या आठवड्यात आहे.

नेमकं याच सुमारास साहेबांनी बोलावून सांगितलं की नव्या क्लायंटचं काम येतंय आणि टीम तू सांभाळायचीस. कोण कोण हवंय त्यांची नावं दे म्हणाले. मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार? पण तेव्हापासून मन खातंय. माझ्या भरवशावर ते क्लायंटला शब्द देणार, माणसं इकडची तिकडे करणार, आणि मी दोन महिन्यांत राजीनामा टाकला तर ते तोंडघशी पडणार. न सांगणं ही फसवणूक वाटते. सांगावं, तर तिकडचं अजून कशात काही नाही.

दुसरं, शेजारी बसणारी माझी मैत्रीण. तिला कुणकुण लागली आहे. परवा तिने सरळच विचारलं, "तुझं बाहेर काही चाललंय का?" मी विषय बदलला, पण तिच्याशी असं वागणं फार जड जातंय.

तिसरं, त्या कंपनीच्या फॉर्मवर दोन रेफरन्स (माझ्या कामाबद्दल ज्यांना विचारता येईल अशांची नावं) मागितलेत आणि त्यातला एक 'सध्याचे वरिष्ठ' असा आहे. तिथे काय भरायचं?

साहेबांना आत्ताच विश्वासात घ्यावं का? ज्यांनी असं केलंय, किंवा ज्यांच्यावर साहेब म्हणून हे ऐकायची वेळ आली आहे, त्यांनी कृपया लिहा.

जुना_खेळाडू | सोमवार, रात्री १०:०५

ऑफर लेटर हातात पडेपर्यंत अवाक्षर काढू नका. साहेब देवमाणूस असले तरी.

तिसरी फेरी म्हणजे नोकरी नव्हे. तिसरीनंतर चौथी निघते, मग पगाराची बोलणी, मग कुणाची तरी मंजुरी अडकते, आणि मग कळतं की त्यांची भरतीच थांबवली आहे. 'तुमची निवड झाली' असं फोनवर सांगून नंतर जागा रद्द झाल्याची उदाहरणं मी जवळून पाहिली आहेत. ज्याने इकडे आधीच सांगून ठेवलेलं असतं त्याचे अशा वेळी हाल होतात. नोकरी शाबूत असते, पण लोकांची नजर बदललेली असते, आणि ती सहसा पूर्ववत होत नाही.

गारवा | सोमवार, रात्री १०:२०

जुना_खेळाडूंना अनुमोदन. मैत्रिणीलाही नको. गोष्ट षट्कर्णी झाली की ती कुठे जाईल यावर आपला ताबा राहत नाही.

अबोली | सोमवार, रात्री ११:१५

मैत्रिणीला सांगू नये हे मलाही पटतं, पण माझं कारण वेगळं आहे. ती अगदी विश्वासू आहे असंच धरून चालू.

तुम्ही तिला सांगितलंत की तुमच्या डोक्यावरचं ओझं तिच्या डोक्यावर गेलं. उद्या साहेबांनी तिला सहज विचारलं, "नव्या कामात हिच्या टीममध्ये जातेस का?" तर तिने काय उत्तर द्यायचं? हो म्हणावं तर तिला माहितीये की तुम्ही तिथे नसणार. नाही म्हणावं तर कारण काय देणार? आणि तुम्ही गेल्यावर साहेबांना कळलं की हिला आधीपासून ठाऊक होतं, तर त्याचे परिणाम तिला भोगावे लागतील. तिथे राहायचंय तिला.

मी हे सोसलंय. शेजारच्या सहकाऱ्याने मला सांगून ठेवलं होतं. मी कुणाजवळ बोलले नाही. पण मीटिंगमध्ये कामाची वाटणी सुरू झाली की मी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत बसायचे. त्याच्या नावावर पुढच्या सहामाहीची कामं टाकली जात होती आणि ती शेवटी माझ्याच टेबलावर येणार हे मला एकटीलाच कळत होतं. तो गेला, कामं आली. त्याचा राग नाही आला. पण त्याने मला सांगायला नको होतं असं आजही वाटतं.

नदीकाठ | मंगळवार, सकाळी ७:५०

मी टीम सांभाळतो, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो. थोडं लांबेल.

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत वर्षातून एकदा तरी प्रत्येक टीमचा आढावा होतो. अप्रेझल वेगळं, हे वेगळं. याला तुम्हाला बोलावत नाहीत, फक्त मॅनेजर लोक आणि एचआर बसतात. समोर एक्सेल शीट असते. डावीकडे नावं, मग काम कसं आहे, मग पुढे कुठवर जाऊ शकेल, आणि मग एक रकाना असतो: सोडून जाण्याची शक्यता. कमी, मध्यम, जास्त. प्रत्येक नावापुढे तीनांतलं एक निवडावंच लागतं, आमच्याकडे तरी तो रिकामा ठेवता येत नाही. त्याच्या शेजारी आणखी एक, गेल्यास किती नुकसान. कुणाला बढतीसाठी पुढे करायचं, कुणावर प्रशिक्षणाचा खर्च करायचा, कुणाला थांबवून धरायला बोनस द्यायचा, हे ठरवताना ही शीट समोर असते. माणसं कमी करायची वेळ येते तेव्हाही हीच उघडली जाते.

आता समजा तुम्ही मला विश्वासाने सांगितलंत. मला तुमचं भलंच हवंय. तरी त्या दिवशी माझ्यासमोर दोनच वाटा उरतात. 'जास्त' लिहिलं तर तुमचा विश्वास मोडला, आणि तिकडची नोकरी झाली नाही तरी तो शब्द तुमच्या नावापुढे पुढच्या आढाव्यापर्यंत तसाच राहिला. 'कमी' लिहिलं तर मी माझ्या वरिष्ठांशी खोटं बोललो. आणि दोघांपैकी एकाला काढायची पाळी आली, तर जो आपणहून जाणारच आहे त्याचं नाव दिलं की दुसऱ्याची नोकरी वाचते, हा विचार डोक्यात येतोच. तो विचार करणारा माणूस वाईटच असतो असं नाही.

म्हणून साहेब या नात्यानेच सांगतो, साहेबांना सांगू नका. चांगल्या साहेबाला तर नकोच. वाईट साहेब खुशाल 'जास्त' लिहून मोकळा होतो. पेचात पडतो तो चांगला.

पण एक गोष्ट मला आधी कळायला हवी असते आणि लोक नेमकी तीच सांगत नाहीत, ती म्हणजे तुम्हाला इथे काय कमी पडतंय. काम तेच ते झालंय, अमुक शिकायचंय, पगार मागे पडलाय, कामाच्या वेळा झेपत नाहीत. हे सांगायला बाहेर नोकरी बघत असायची गरज नाही. नीट शब्दांत सांगितलं तर याने कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही. राजीनामा समोर ठेवून कुणी ही कारणं पहिल्यांदा ऐकवतं, तेव्हा मात्र फसल्यासारखं वाटतं. मुलाखती गुपचूप दिल्या याचं काही वाटत नाही. ज्यावर मला काही करता आलं असतं ते मला कळूच दिलं नाही, याचं वाटतं.

चांदणवेल, तुम्ही हे साहेबांना कधी स्पष्ट बोललात का?

नव्या कामाबद्दल एवढंच. एखादा माणूस मध्येच जाऊ शकतो हे धरून आखणी करणं हे साहेबांचं काम आहे. आजारपण येतं, बाळंतपण येतं, कुणाची बदली होते. तुम्ही तुमच्याकडून इतकं करा: नावं देताना आपली जागा घेऊ शकेल असा एक जण पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, क्लायंटच्या बैठकीला त्याला न्या, आणि जे ठरेल ते आपल्या इनबॉक्समध्ये न ठेवता सगळ्यांना सापडेल अशा ठिकाणी लिहा. तुम्ही राहिलात तरी यातलं काही वाया जाणार नाही.

तिसरा_डोळा | मंगळवार, सकाळी ९:३०

नदीकाठ, प्रतिसाद आवडला, पण सरसकट नियम म्हणून पटत नाही. एक्सेल शीट ही मोठ्या कंपनीतली गोष्ट. आमचं ऑफिस मूठभर माणसांचं. तिथे एक जण अचानक उठून गेला तर कामच बंद पडतं. मी मालकांना बरंच आधी सांगितलं. त्यांनी माझ्या जागी माणूस शोधला, मी त्याला तयार केलं, आणि ओळखीच्या लोकांकडे त्यांनीच माझ्यासाठी शब्द टाकला. आजही आमचे चांगले संबंध आहेत.

मालक गोड बोलतात म्हणून मी सांगितलं नव्हतं. माझ्याआधी जे सोडून गेले त्यांचं काय झालं हे मी पाहिलं होतं. एकीला पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र मिळालं, दुसऱ्याचा हिशोब शेवटच्या दिवशीच चुकता झाला, तिसरी काही काळाने परत आली तेव्हा तिला आनंदाने घेतलं. याउलट त्याआधीच्या नोकरीत कुणी राजीनामा दिला की साहेब त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणंच टाकायचे, आणि जे काही बिघडेल त्याचं खापर वर्षभर गेलेल्या माणसावर फुटायचं. तिथे मी शेवटच्या क्षणापर्यंत गप्प होतो. चांदणवेल, साहेब तुमच्याशी कसे वागतात ते तुम्ही लिहिलंत. जे गेले त्यांच्याशी ते कसे वागले, ते आठवून बघा. मला तरी यापेक्षा चांगली कसोटी माहीत नाही.

काही क्षेत्रांत लपवणं शक्यही नसतं. संशोधनात नेमणूक ठरावीक मुदतीची, आणि मार्गदर्शकाच्या शिफारसपत्राशिवाय पुढचा अर्ज पुरा होत नाही. हा पुढचं शोधतोय हे तिथे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यात कुणाला काही वाटत नाही.

नदीकाठ | मंगळवार, सकाळी १०:१०

मान्य. मुदतीची नोकरी आणि लहान ऑफिस यांना माझं म्हणणं जसंच्या तसं लागू नाही. फक्त एक अट घालीन. सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी 'उद्यापासून येऊ नका' म्हणाले तरी घर चालेल, इतकी तजवीज हवी.

कागदवाला | मंगळवार, दुपारी १:२५

बरीच वर्षं भरतीचं काम करतोय. रेफरन्सचं मी सांगतो.

'सध्याचे वरिष्ठ' असं छापलेलं असलं तरी तिथे 'ऑफर स्वीकारल्यानंतरच संपर्क साधावा' असं लिहिता येतं. असे फॉर्म आमच्याकडे नेहमी येतात, कुणी वावगं मानत नाही. आत्तापुरतं आधीच्या नोकरीतल्या वरिष्ठांचं नाव द्या, किंवा तुमच्याच कंपनीत तुमचं काम पाहून आता बाहेर पडलेल्या एखाद्या वरिष्ठांचं. मला दुसरा पर्याय जास्त आवडतो. त्यांनी तुमचं अलीकडचं काम पाहिलेलं असतं आणि आत त्यांचं काही अडकलेलं नसतं. मात्र नाव देण्याआधी त्यांना फोन करा, आणि 'आत अजून कुणाला माहीत नाही' हे स्पष्ट सांगा. ते त्यांना कळेलच असं धरून चालू नका, जुने सहकारी एकमेकांना भेटत असतात.

ऑफर 'रेफरन्स समाधानकारक आल्यास' अशा अटीवर असेल, तर सध्याच्या साहेबांना फोन सर्वांत शेवटी आणि तुम्हाला कळवूनच जाईल, हे मेलवर कबूल करून घ्या. अटी बाकी असताना राजीनामा देऊ नका. त्या पूर्ण झाल्याचं लेखी आलं की द्या.

बाकी, बातमी माणसांच्या तोंडून जितकी फुटते तितकीच यंत्रांतून फुटते. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क', म्हणजे 'मी नोकरी शोधतोय' अशी खूण, दोन प्रकारे लावता येतं. एक म्हणजे फोटोभोवतीची हिरवी चौकट, जी २०२० साली आली. ती सगळ्यांना दिसते. दुसरं फक्त रिक्रूटर लोकांना दिसतं. त्यात तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. प्रोफाइल सुधारायचं असेल तर आधी, केलेले बदल संपर्कातल्या लोकांना कळवण्याचं सेटिंग बंद करा. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा मेल, कंपनीचं वायफाय यांवर यातलं काहीच नको. मुलाखतीची वेळ ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये टाकू नका.

एजन्सीमार्फत शोधत असाल तर त्यांना मेलवर लिहून द्या की मला विचारल्याशिवाय माझा रेझ्युमे कुठेही पाठवू नये. तुमच्याच कंपनीने जागा भरायला नेमकी तीच एजन्सी लावलेली असू शकते. मग तुमचा रेझ्युमे फिरून तुमच्याच साहेबांच्या मेलमध्ये येऊन पडतो.

गारवा | मंगळवार, दुपारी २:००

यंत्रांवरून आठवलं. आमच्याकडे एक जण स्क्रीन शेअर करून डेमो देत होता. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात छोटा चौकोन उघडला. 'मुलाखत निश्चित, उद्या सकाळी ११', आणि खाली कंपनीचं नाव. दोन-तीन सेकंदांत तो गेला. सगळ्यांनी वाचलं. कुणी काही बोललं नाही, साहेबही नाही. डेमो पुरा झाला, आभार मानले गेले. ती नोकरी त्याला मिळाली नाही. पण पुढे आखणीच्या बैठकांचं बोलावणं त्याला येईनासं झालं, आणि का ते त्याला कुणी सांगितलं नाही. नोटिफिकेशन बंद ठेवा.

वाटसरू | मंगळवार, रात्री ८:४५

आतापर्यंतचा सगळा भर कुणाला सांगू नये यावर आहे. पण नोकरी शोधायची तर कुणाला तरी सांगावं लागतंच, नाहीतर संधी कळणार कुठून? मग सांगायचं कुणाला?

यावर अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचं १९७३ चं काम प्रसिद्ध आहे. बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात नुकतीच नोकरी बदललेल्या काही लोकांना त्यांनी विचारलं की ज्याच्याकडून तुम्हाला या नोकरीची खबर लागली तो माणूस त्या काळात तुम्हाला कितीदा भेटत होता. नेहमी भेटणाऱ्यांकडून कळलं असं सांगणारे १७ टक्क्यांच्या आसपास होते. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळलं म्हणणारे सुमारे ५६ टक्के, आणि क्वचितच भेटणाऱ्यांकडून २८ टक्के. यांत जुने सहकारी आणि आधीचे वरिष्ठ बरेच होते. नमुना लहान होता हे खरं. पण २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांच्या पाच वर्षांतल्या प्रयोगांवर आधारित अभ्यास आला. त्यातही नोकरी बदलायला जास्त मदत झाली ती बेताच्या ओळखीची. घट्ट ओळखीचा उपयोग सर्वांत कमी दिसला.

कारण साधं आहे. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला ज्या जागा माहीत असतात त्या आपल्यालाही माहीत असतात. म्हणजे ऑफिसातल्या जवळच्या माणसाला सांगून धोका आहे आणि त्या मानाने हाती काहीच लागत नाही. अबोलींनी लिहिलेलं ओझं वेगळंच. त्यापेक्षा जुन्या नोकरीतले, कॉलेजातले, एखाद्या प्रशिक्षणात भेटलेले, अशांना फोन करा.

पिंपळपान | बुधवार, सकाळी ८:१५

कायद्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. जर्मनीत नागरी संहितेच्या कलम ६२९ नुसार, कायम नोकरीत एकदा नोटीस दिली गेली की दुसरी नोकरी शोधायला कर्मचाऱ्याला वाजवी मोकळा वेळ मागता येतो आणि मालकाला तो द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टमध्ये अशी सवलत आहे, पण ती जागाच रद्द झाल्याने नोटीस मिळालेल्यांना आणि सलग दोन वर्षं नोकरी झालेल्यांना. अमेरिकेत मोंटाना सोडलं तर बाकी सगळीकडे मूळ नियम असा की करारात वेगळं काही नसेल तर दोघांपैकी कुणीही, केव्हाही संबंध संपवू शकतो. बेकायदा भेदभावासारखे अपवाद आहेत, पण 'मी बाहेर बघतोय' असं प्रामाणिकपणे सांगणारा त्यांत सहसा बसत नाही.

म्हणजे उघडपणे नोकरी शोधायची मोकळीक कायद्याने जिथे दिली आहे, तिथेही ती नोटीसनंतरची आहे. त्याआधी बोललात तर सगळं समोरच्याच्या चांगुलपणावर.

सांगायच्या आदल्या दिवशीपर्यंत पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं आणि बढतीचं पत्र यांच्या प्रती स्वतःकडे घेऊन ठेवा. राजीनामा देताच लॉगिन बंद करणाऱ्या कंपन्या आहेत. कंपनीच्या फायली आणि क्लायंटच्या याद्यांना मात्र हात लावू नका.

चांदणवेल | बुधवार, रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. नदीकाठ, तुमचा प्रश्न वर्मी लागला. मला वेगळं काम हवंय हे मी साहेबांना कधीच स्पष्ट बोलले नाही. त्यांना कळत असेल असंच धरून चालले होते.

आणि तिसरा_डोळा, आठवून बघितलं. जे गेले त्यांच्याशी साहेब नीट वागले. पण त्यांच्या वरच्या साहेबांनी एकाला राजीनाम्याच्याच दिवशी बाहेर काढलं होतं, तेव्हा आमच्या साहेबांचं काही चाललं नव्हतं. त्यामुळे आत्ता सांगणार नाही.

पण त्यांनीच सरळ विचारलं तर? मला खोटं बोलता येत नाही, आणि बोलायचंही नाही.

जुना_खेळाडू | बुधवार, रात्री ९:३०

सरळ नाही म्हणा. ज्या उत्तराने तुमच्या पोटावर पाय येऊ शकतो, तो प्रश्न विचारायचा त्यांना अधिकार नाही.

अबोली | बुधवार, रात्री १०:००

इथे मी सहमत नाही. महिन्याभराने राजीनामा द्यायला त्याच खोलीत जायचंय, आणि तेव्हा त्यांना तुमचं 'नाही' शब्दशः आठवणार. गप्प राहणं ते समजून घेतील, खोटं नाही.

खरं बोलूनही सगळं न सांगता येतं. "चांगली संधी कानावर आली तर मी ऐकून घेते, सगळेच घेतात. सांगण्यासारखं ठरलेलं काही नाही. असेल तेव्हा सर्वांत आधी तुम्हालाच सांगेन." यात एकही शब्द खोटा नाही. आणि लगेच, "पण मला अमुक प्रकारचं काम करायचंय, त्याबद्दल बोलायचं होतं," म्हणून मूळ मुद्द्यावर या. तसंच मुलाखतीसाठी सुट्टी घेताना कुणाला आजारी पाडू नका. 'वैयक्तिक काम आहे, अर्धा दिवस हवाय' एवढं पुरतं. खोटं सांगितलं की दुसऱ्या दिवशी लोक प्रकृती विचारतात आणि मग ते निस्तरत बसावं लागतं.

चांदणवेल | पुढचा मंगळवार, रात्री ९:५५

थोडी प्रगती कळवते. साहेबांशी बोलले. बाहेरचं नाही काढलं, पण मला कोणतं काम हवंय आणि का, ते सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तसं काम पुढच्या वर्षाच्या आत इथे येणार नाही, आणि खोटी आशा दाखवणार नाही म्हणाले. वाईट वाटलं, पण मनावरचा ताण बराच उतरला. नव्या टीममध्ये माझ्या बरोबरीने एक जण पहिल्यापासून असावा हेही त्यांनी लगेच मान्य केलं. मैत्रिणीला म्हटलं, "आत्ता सांगण्यासारखं काही नाही, असेल तेव्हा तुला दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही." तिने पुढे काही विचारलं नाही.

तिसरी फेरी झाली. समजा होकार आला, तर आधी कुणाला सांगायचं, साहेबांना की एचआरला? मेल करायचा की समोर बसून? आणि त्यांनी पगार वाढवून थांब म्हटलं तर?

कागदवाला | पुढचा मंगळवार, रात्री १०:३०

तोंडी होकारावर काही करू नका. लेखी ऑफर, त्यात पद, पगार, रुजू व्हायची तारीख, आणि अटी असतील तर त्या पूर्ण झाल्याचा मेल. तारीख कबूल करण्याआधी आपल्या नेमणूकपत्रात नोटीस पिरियड किती आहे ते काढून वाचा. तो आठवणीवर सोडू नका, बढतीबरोबर तो वाढलेला असू शकतो. उरलेली सुट्टी नोटीसमध्ये धरतात का तेही पाहा.

पगार वाढवून देतो म्हणाले तर आपण का निघालो होतो ते आठवा. तुमचं कारण पगार नव्हतंच. वाढीव पैसे घेऊन थांबलेले बरेच जण काही महिन्यांनी पुन्हा आमच्याकडे रेझ्युमे पाठवतात, कारण मूळ तक्रार तशीच असते. थांबायचं ठरलंच, तर काय बदलणार ते लेखी घ्या आणि तिकडे त्याच दिवशी नकार कळवा. त्यांनी तुमच्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी थांबवून ठेवलेलं असतं.

नदीकाठ | पुढचा मंगळवार, रात्री ११:०५

आधी साहेब, समोर बसून, दार लावून. मेल त्यानंतर, त्याच दिवशी, शेवटच्या दिवसाची तारीख टाकून. मग एचआर. एचआरकडून आधी कळलं तर ते मला तरी लागतं.

मैत्रिणीला साहेबांनंतर लगेच सांगा. बाकी टीमला कुणी आणि कधी सांगायचं ते साहेबांना विचारा. त्यांना क्लायंटशी आधी बोलायचं असू शकतं. कुठे चाललात हे सांगणं बंधनकारक नाही, प्रतिस्पर्धी कंपनी असेल तर करारातलं ते कलम आधी वाचून घ्या. आणि शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी सांगू नका. आठवड्याच्या सुरुवातीला सांगितलंत तर तुमची जागा कोण घेणार यावर तुम्ही समोर असताना बोलता येतं. तुम्ही आत्तापासून सोबत घेतलेल्या त्या माणसाचं नाव तेव्हा तुम्हीच सुचवा.